मोनाचे दात, माझे दात

९ जानेवारी

मधल्या सुट्टीत बाबाचा फोन. "कल्पना, मोना आली रायपूरहून. तिले सुपेल्यात दाताच्या डॉक्टरकडे जायचं आहे. तू जाजो संग."

म्हटलं, दात दुखून राहिला का तिचा?

"दुखत नाही वो. पांढरे करायचे आहेत. लग्न आहे नं."

मोनाचे दात अजून पांढरे करायचे! मी हो म्हटलं. बाबाले मी कधी नाही म्हटलंच नाही. फोन ठेवला अन् पाचवीच्या वर्गात जाऊन पोरायवर उगाच ओरडली.

१० जानेवारी, शनिवार

शाळा अर्धी. चरोद्याहून लोकलनं पॉवर हाउस स्टेशन, तिथून ऑटो. सुपेल्याच्या धुळीत मोना क्लिनिकखाली उभी, पांढरी कुर्ती घालून. माझी सख्खी बहीण, माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. लोक विचारतात, सख्खी का?

"ताई, पांढऱ्या साडीवर दात पिवळे दिसतात. मेरी रूममेट की शादी के फोटो में साफ दिख रहा था."

खरं आहे. आमच्या विहारातल्या लग्नात नवरी पांढरीच नेसते, मीही नेसली होती. पण माझ्या फोटोत दात पिवळे दिसत नाहीत. एकाही फोटोत माझं तोंड उघडं नाही.

डॉक्टर मॅडम तरुण आहे, हिंदीत बोलते. तिनं रंगांची पट्टी काढली, नकली दात ओळीनं लावलेले, पांढऱ्यापासून पिवळ्यापर्यंत. मोनाच्या ओठाजवळ धरून जुळवत होती. "आपके तो पहले से अच्छे हैं." मी काहीतरी विचारायले गेली अन् तिची नजर माझ्या तोंडावर आली. लगेच दुसरीकडे पाहिलं तिनं. सभ्य आहे. मी ओढणी तोंडावर घेतली.

पट्टीत माझा रंग नव्हता. माझा तपकिरी. वरचे समोरचे चार, डागाडागाचे, मधात खडूसारखे पट्टे. कितीही घासा. आईले टीबी झाली तेव्हा मी जेमतेम चालायले लागली होती. मले चंद्रपूरकडे मामाच्या गावी ठेवलं. तिथं एकच हापशी, पाणी कसंतरीच लागे. गावातल्या सगळ्या पोरायचे दात असेच, म्हणून कोणी कोणाले हसत नव्हतं. चौथी झाल्यावर मले इथं आणलं, तोवर आई बरी झाली होती, बाबाले सेक्टर २ मध्ये स्टील प्लांटचं क्वार्टर भेटलं होतं, नळाले प्लांटचं साफ पाणी होतं. अन् पाळण्यात मोना होती.

१५ जानेवारी

झालं मोनाचं काम. मले आत स्टुलावर बसवलं, तिनंच हट्ट केला. ओठ ताणून धरायले प्लास्टिकचं काहीतरी, हिरड्यावर निळा लेप, दातावर जेल, वरून लाइट. बोलता येत नव्हतं तिले. मधातच माझा हात धरला. झिणझिण्या येत असतील. मी हात धरू देला अन् मनात म्हटलं, होऊ दे थोडं.

आरशात पाहून हसली. "ताई, कैसा?"

चांगले दिसत होते. वाईट दिसले असते तं मी जास्त गोड बोलली असती.

मंग मॅडम म्हणे, "अब फ्लोराइड लगा देते हैं. ब्लीचिंग के बाद इनेमल थोड़े दिन नाज़ुक रहता है. इससे ऊपर की परत को ताकत मिलेगी, ठंडा-गरम भी कम लगेगा."

फ्लोराइड.

हा शब्द मले माहीत आहे. नववीत होती तेव्हा शाळेत तपासणीले आलेल्या डॉक्टरनं माझी हनुवटी धरून सगळ्या वर्गाले दाखवलं होतं, ये देखो, पानी में फ्लोराइड ज़्यादा हो तो क्या होता है. अख्खा वर्ग पुढं वाकून पाहत होता.

अन् आज तेच फ्लोराइड छोट्या ब्रशनं मोनाच्या एकेका दाताले लावून राहिली होती मॅडम. आधी कोरडा करून, जपून. ज्यानं माझे गेले त्यानंच तिचे सांभाळायचे.

विचारायचं होतं मॅडमले, असं कसं. विचारलं नाही. तोंड उघडावं लागलं असतं.

१६ जानेवारी

शाळेतून सरळ से-२, बाबाच्या क्वार्टरवर. मोनाले चहा बंद, कॉफी बंद, हळद बंद, चिंच-लिंबू बंद. पांढरंच खायचं. आईनं काय केलं, सगळ्यांचंच जेवण पांढरं केलं. बिनहळदीचं वरण, भात, दही, तांदळाच्या पिठाचा पांढरा फरा. बाबा ताटाकडे पाहून म्हणे, हे काय दवाखान्याचं जेवण आहे? आई म्हणे, "एकटीले वेगळं देलं तं तिचं मन जाईन भाजीवर. दोनच दिवसांचं आहे."

मी चार घास खाल्ले.

कावीळ झाली होती मले, सहावीत. तेव्हा डब्यात बिनतेलाचं वेगळं असे, बाकी सगळे रस्सा खात. माझं मन जात नसेन का? आता लिहून पाहिलं तं किती क्षुल्लक वाटते. पण मनात आलं ते आलं.

निघताना आईनं मले डबा देला. "गुड्डीले फरा आवडते." माझ्या पोरीचं तिले आठवते. माझं काय आवडते, विचारलं पाहिजे एकदा.

१८ जानेवारी, रवि.

मोनानं फोटो पाठवला, हसताना, एकदम जवळून. मिलिंद मालगाडीची ड्यूटी करून आला होता सकाळी, आंघोळ करून बसला अन् म्हणे, "मस्त दिसून राहिली मोना."

 भांडे जोरात ठेवले.

"काय झालं?"

"काही नाही."

"अवं, साळी आहे माझी. चांगली दिसली तं चांगली म्हणणार नाही का?"

मी म्हटलं, मले कधी म्हटलं?

त्यानं विचार केला. तेच जास्त लागलं, विचार करावा लागला त्याले. मंग म्हणे, "तू हसतच नाही तं मी काय पाहू?"

गुड्डीचा पुढचा दात पडला आहे, खिडकी करून फिरते. मधात येऊन म्हणे, आई, माझा नवा दात मावशीसारखा येईन नं? मिलिंदनं पटकन म्हटलं, येईन बेटा. दोघांनीही माझ्याकडं पाहिलं नाही.

२५ जानेवारी, रवि.

हे लिहू का नको. लिहिते.

से-२ ले होती. बाबा, आई, मोना, गुड्डी सगळे सिव्हिक सेंटरले साड्या पाहायले गेले. मी डोकं दुखते म्हणून थांबली. डोकं दुखत नव्हतं. मोनाच्या मानाच्या साड्या पाहायची ताकद नव्हती, एवढंच.

थंड पाणी घ्यायले फ्रिज उघडला. दह्याच्या भांड्यामागं डबी. मॅडमनं मोनाले घरी थोडंथोडं लावायले जेल देलं आहे, इंजेक्शनसारख्या नळ्या, अन् तिच्या दाताच्या मापाचा साचा. लग्नाच्या आधी एकदा हात फिरवायचा, असं.

साचा मले बसणार नव्हता. बोटानं लावलं. एक नळी अख्खी. समोरच्या चारवर थापलं, अन् पलंगावर पडली, तोंड उघडं ठेवून, पंख्याकडं पाहत. मोनाले थोड्या वेळासाठी सांगतलं आहे. मी म्हटलं, माझे डाग जुने आहेत, मले जास्त लागेन. दुपारभर ठेवलं. जळजळलं तं म्हटलं, काम करून राहिलं.

फाटकाचा आवाज आला तेव्हा धावत जाऊन चूळ भरली. आरशात पाहिलं. तपकिरी तसंच. पांढरे पट्टे मात्र अजून पांढरे झालेले, त्यामुळं तपकिरी जास्तच उठून दिसून राहिलं. हिरड्या पांढऱ्याफटक, जशा भाजल्या.

आई म्हणे, डोकं थांबलं का? मी मान हलवली.

मोनानं साडी दाखवली. पांढरी, बारीक चांदीची किनार. तिच्यावर छान दिसेन. दिसेनच.

२६ जाने.

झेंडावंदन. सकाळची थंड हवा. मी शिक्षकांच्या रांगेत होती, राष्ट्रगीताले तोंड उघडलं अन् हवा दाताले लागली तं कळ डोक्यात गेली. डोळ्यात पाणी. मुख्याध्यापिका बाई नंतर म्हणे, आप बहुत भावुक हो गईं. मी म्हटलं, जी.

पोरायसोबत बुंदीचा लाडू खाल्ला नाही. चहा नाही, पाणी नाही. कोमट पाणीही टोचते. हिरड्याचे साल निघून राहिले.

मिलिंदले सांगतलं, अक्कलदाढ.

२८ जानेवारी

मोना चरोद्याले आली, एकटी. पत्रिकेवरचं मराठी मले दाखवायचं होतं. तिले मराठी लिहिणं जमत नाही, शाळा हिंदीतली. हे एक मले जमते तिच्याहून, मामाच्या गावची शाळा.

मी वाचून राहिली होती अन् ती माझ्या तोंडाकडे पाहून राहिली होती.

"ताई, तुझ्या हिरडीले काय झालं?"

काही नाही.

"एक ट्यूब कम है मेरी. मला वाटलं गुड्डीनं टूथपेस्ट समजून…" थांबली. "ताई. तू लावलं?"

मी पत्रिका खाली ठेवली.

ती ओरडली नाही, हसली. वाईट हसली नाही ती, हे आता लिहिताना समजते. घाबरून हसली. पण तेव्हा मले ते दातच दिसले, पांढरे, सरळ, अन् माझ्या तोंडून सगळं निघालं. म्हटलं, तुले काय, तुले नळाचं पाणी, तुले आई, तुले बाबाचे खांदे. मले हापशी. तुझे दात खराब नसूनही डॉक्टर. माझे जन्मभर असे, कोणी एकदा तरी म्हटलं का चल, दाखवून येऊ?

ती पर्स उचलून उभी राहिली. मंग म्हणे, "मी सांगितलं होतं का तुले मामाकडे ठेवायले? मी तर जन्मलीच नव्हती, ताई."

खरं होतं. म्हणूनच राग अजून वाढला. मी म्हटलं, जा तू.

ती गेली. पत्रिका इथंच राहिली.

२९ जाने.

कोमट पाणी, पातळ खिचडी. पश्चात्ताप होऊन राहिला का? अर्धा. अर्ध्यात अजून ते दात आहेत.

१ फेब्रुवारी, रवि.

बाबा आले स्कूटरवर. प्लांटच्या रेल मिलमधून याच वर्षी रिटायर होणार आहेत, म्हणून लग्नाची घाई, क्वार्टर आहे तोवर करायचं. आतापर्यंत मले भेटायले एकटे कधी आले नव्हते.

मिलिंदनं खुर्ची देली अन् गुड्डीले घेऊन बाहेर गेला. समजूतदार आहे तसा.

बाबा हेल्मेट मांडीवर घेऊन बसले. मंग म्हणे, "मोनानं सांगतलं. सगळं नाही. जेवढं सांगतलं तेवढं पुरे आहे."

मी म्हटलं, रागात बोलली मी.

"नाही. तुले आणायले मी गेलो होतो, आठवते का तुले? तू अंगणात होती. मले पाहून आत गेली, अन् गडव्यात पाणी घेऊन आली. म्हणे, पाहुणे, पाणी घ्या."

मले आठवत नव्हतं. खरंच नव्हतं.

"ते पाणी मी पिलो. कडू लागलं. मले वाटलं, आपल्याच मनानं कडू लागून राहिलं. पाण्यातच असं असते, हे कोणाले माहीत होतं? तुले आणखी आधी आणू शकलो असतो मी, कल्पना. तुझी आई दोन वर्षांत बरी झाली होती. पण तेव्हा झोपडीत राहत होतो खुर्सीपारले, मी म्हटलं क्वार्टर भेटू दे, मंग आणू. क्वार्टर भेटता भेटता…"

हेल्मेटचा पट्टा लावला, परत काढला.

मी चहा केला. एकट्याले देला, मले पिता येत नव्हता. त्याइले दिसलं ते. उठताना म्हणे, "डॉक्टरकडे जा. मोनासोबत जा."

मले वाटलं होतं, कधी कोणी हे बोललं तं माझं मन हलकं होईन. हलकं नाही झालं. दोन वर्षांत बरी झाली होती म्हणजे. दोन वर्षांत. बाकीची वर्षं मंग कशासाठी होती, एका पक्क्या भिंतीसाठी.

तरी माणूस माझ्या दारात आला होता. हे पण आहे.

४ फेब्रुवारी

सुपेला. मोना आधीच येऊन बसली होती. आम्ही एकमेकीशी बोललो नाही. नाव तिनंच सांगतलं काउंटरवर, "मेरी दीदी हैं."

खुर्चीत पडून तोंड उघडलं. मॅडमनं आरसा फिरवला, अन् यावेळी नजर हटवली नाही. थोडी रागावली. "किसी और की जेल, बिना ट्रे के, इतनी देर? मसूड़े जल गए हैं. दाँत के ऊपर का भी पानी सूख गया है, इसलिए झनझनाहट है. ठीक हो जाएगा. आज फ्लोराइड लगाते हैं."

मी उठून बसली. म्हटलं, वो मुझे नहीं चाहिए. उसी से तो ये हुआ है.

मॅडम हातात ब्रश घेऊन थांबली. आता हसेन, वाटलं. हसली नाही. स्टूल ओढून समोर बसली.

म्हणे, बचपन में जब दाँत मसूड़े के अंदर बन रहे थे, तब पानी के साथ ज़्यादा पेट में गया, तो बनावट ही बिगड़ गई. अब दाँत बन चुके हैं. अब अंदर नहीं जाएगा, थोड़ा सा ऊपर लगेगा, बस. मेथीदाण्याएवढं ब्रशवर दाखवलं. "निगलना नहीं है. यही चीज़ अब आपके दाँत को पकड़कर रखेगी."

मी मोनाकडं पाहिलं. ती म्हणे, "लाव ना ताई. मैंने भी लगाया था, चिपचिपा लगता है बस."

मी पुन्हा पडली. कापसानं दात कोरडे केले तेव्हा जीव गेला, हवेनंच. मंग ब्रश फिरला. चिकट, गोडसर, जरा डिंकासारखं. एकेक दात. हळू. माझ्या दाताले इतक्या हळू कोणी हात लावला नव्हता. वेड्यासारखे डोळे भरले, मॅडमले वाटलं दुखलं. "बस, हो गया, हो गया."

आज रात्री ब्रश नाही, कडक काही नाही, गरम नाही. पुढं मऊ ब्रश, अन् झोपताना फ्लोराइडची पेस्ट, थुंकायची पण चूळ भरायची नाही.

डागाचं मी विचारलं नव्हतं, तिनंच काढलं. म्हणे, आपके दाग बाहर से नहीं लगे, इसलिए ब्लीचिंग अकेली काम नहीं करेगी. ऊपर से बहुत बारीक परत घिसकर कम कर सकते हैं. पूरा जाएगा, ये नहीं कहूँगी. अभी नहीं. पहले ये ठीक हो, शादी हो जाए, मार्च में आइए.

जिना उतरताना मोना म्हणे, "तू कधी सांगितलंच नाही, तुला त्रास होतो म्हणून. मुझे लगा तू ऐसी ही है. चुप रहनेवाली."

मी म्हटलं, अशी नव्हती मी. झाली.

खाली दुकानाच्या मोठ्या काचेत आम्ही दोघी दिसलो. तिनं स्वतःले पाहून हसून पाहिलं, सवयीनं. मी पाहिलं तिचं हसणं. अजून टोचते. दाताची कळ कमी आहे आज, ही नाही.

९ फेब्रु.

थंड पाणी पिलं. चाललं! अर्धा ग्लास.

गुड्डी ब्रश करताना बाजूले येऊन उभी राहते. माझी पेस्ट पाहून म्हणे, मले पण. मॅडमले फोन करून विचारलं. म्हणे, बच्ची को मटर के दाने जितना ही, और थूकना सिखाइए. आता मी रोज तिच्याजवळ उभी राहते, थुंकेपर्यंत. मिलिंद म्हणे, पोरगी आहे का कैदी.

त्याले काय माहीत.

२४ फेब्रुवारी

लग्न झालं परवा. आता लिहायले वेळ.

विहाराच्या हॉलमध्ये सगळं पांढरं. नवरा नागपूरचा, अबोल, बरा वाटला. त्रिशरण-पंचशील झालं, हार घातले, मोना हॉलभर पाहून हसली अन् खरंच, सगळ्या लोकांचे चेहरे तिच्याकडे वळले. तिकडच्या बायका आपसात म्हणत होत्या, पोरीचं हसणं काय आहे! मी त्यांच्या मागंच उभी होती, जेवणाचा हिशोब सांगायले आली होती आईले. कोणी विचारलं, तुम्ही कोण? मी म्हटलं, मोठी बहीण. त्या बाईनं माझ्याकडं, मंग स्टेजकडं पाहिलं. काय म्हणायचं ते झालं तेवढ्यात.

फोटोग्राफर म्हणे, दीदी, थोड़ा स्माइल. मी ओठ ताणले. बंदच.

निघताना आई मोनाच्या गळ्यात पडून इतकी रडली की दोघींले धरावं लागलं. मी खांबाजवळ. माझ्या वेळेले आई रडली नव्हती. कोरडी उभी होती, मले आठवते, मी गाडीतून वळून पाहिलं होतं.

संध्याकाळी भांडे आवरताना न राहवून विचारलं. "आई, माझ्या लग्नात तू रडली नाही."

आई पातेलं घासत राहिली. मंग म्हणे, "तुले पहिल्यांदा पाठवलं, मामासंग, तेव्हा दाराच्या आत बसून होती मी. डॉक्टरनं सांगतलं होतं, लेकराले जवळ घेऊ नको. तू बाहेर रडून राहिली होती अन् मी तोंडावर पदर दाबून बसली. तेव्हापासून तुझ्या जाण्याले मले रडता नाही येत. येतच नाही. काय करू?"

मी तिच्या हातातून पातेलं घेतलं.

हे ऐकून मोनाचा हेवा संपेन, असं वाटलं होतं. संपला नाही. उलट वाटलं, हिच्यासाठी रडता तरी आलं आईले.

८ मार्च

मोनाचा फोन नागपूरहून. बाथरूममधून बोलत होती, हळू. दात झिणझिणतात. सासरी सकाळ-संध्याकाळ चहा, वर लिंबाचं सरबत, नवीन सून म्हणून सगळे आग्रह करतात. तिकडं कोणाले माहीत नाही की तिनं दात पांढरे करून घेतले. फ्लोराइडची पेस्ट से-२ च्या बाथरूममध्येच राहिली. रात्री उरलेलं जेल लावते, अजून पांढरे पाहिजे म्हणून.

"ताई, कोणाले सांगू नको. तू ये ना. पेस्ट घेऊन ये. परसों आ जा, वो भी टूर पर हैं."

परवा. परवा माझी मॅडमकडे वेळ आहे. डागाची. शाळेतून सुट्टी मंजूर करून घेतली आहे.

मी म्हटलं, पाहते.

आईले सांगतलं, मोनाले बरं नाही एवढंच. आई म्हणे, "मंग जाऊन ये नं तू. तुझं काय, आज नाही तं पुढच्या महिन्यात होईन."

आई वाईट मनानं बोलली नाही. पण मी ओट्याले धरून उभी राहिली. क्वार्टर भेटू दे, मंग आणू. अगदी तोच सूर.

९ मार्च

दिवसभर तेच. बॅग काढली, परत ठेवली. मिलिंदले विचारलं तं म्हणे, तुझा दात, तुझी बहीण, मी काय सांगू. मंग म्हणे, "पण मी तुले हसताना पाहायले थांबलो आहे बारा वर्षं. आणखीन थांबीन, जा जायचं तं." हा माणूस कधीमधी बोलते अन् पुरं करून टाकते.

संध्याकाळी मोनाले फोन केला. सगळं नीट सांगतलं. जेल बंद, आजपासून. ते फेकून दे. सरबत नाही म्हण, पोट बिघडलं सांग. चहा घे पण कोमट, अन् वरून साधं पाणी. मऊ ब्रश आण, अन् फ्लोराइडची पेस्ट कोणत्याही मेडिकलमध्ये भेटते, दात झिणझिणते म्हण, तो देईन. झोपताना लाव, थुंक, पाण्यानं धुवू नको.

"तू नहीं आ रही?"

"नाही. माझी वेळ आहे उद्या."

  मले वाटलं रागावली. मोनाले मी पहिल्यांदा नाही म्हटलं, अन् ते म्हणताना गोड वाटलं, हे लपवून काय करू.

मंग म्हणे, "किती वाजता?"

सांगतलं.

"डर लग रहा है?"

मी म्हटलं, भीती वाटून राहिली.

"हात पकडायला कोण आहे?"

कोणीच नाही, म्हटलं. मिलिंदची मालगाडीवर ड्यूटी आहे.

ती काहीतरी बोलणार होती, तिकडून कोणीतरी दार वाजवलं. फोन कटला.

१० मार्च, सकाळ

मोनाचा मेसेज, हिंदीत. पेस्ट मिळाली. अन् विचारलं आहे, आईले सांगू का तुझ्यासोबत जायले?

मी उत्तर देलं नाही अजून. आई आली तं तिच्यासमोर तोंड उघडून पडावं लागेन. तिनं माझे दात जवळून कधी पाहिले नाहीत, की पाहून सोडून देले, मले माहीत नाही.

गुड्डीले शाळेत सोडलं. ब्रश केला. लोकलले अजून वेळ आहे. फोन पुन्हा वाजून राहिला, से-२ चा नंबर.